डोळे टक्क, काम ठप्प

मोठं काम अंगावर आलं की मी आधी कॉफी ठेवतो. मेंदूला धार आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व. तत्त्व म्हटलं की आळसालाही जरा वजन येतं.

यामागे शास्त्र आहे, आणि ते मी कामापेक्षा जास्त मन लावून वाचलंय. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते आपापल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर, जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॉफीतल्या कॅफीनची ठेवण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती, की ते आधीच जाऊन त्या जागा अडवतं. फुकट्या पाहुण्याने राखीव खुर्चीत ठाण मांडावं आणि खुर्चीचा मालक दारात ताटकळावा, तसं. म्हणजे थकवा जात नाही, नुसता बाहेर थांबतो. आणि थांबायचा त्याला अजिबात कंटाळा नाही.

अर्ध्या-एक तासात कॅफीनचं रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं. तेवढा वेळ काम सुरू करण्यात अर्थ नसतो, हे ओघाने आलंच.

मग तरतरी येते. खरंच येते! लक्ष टिकतं, प्रतिक्रिया झटपट होतात. फक्त लक्ष कशावर टिकावं, याबाबत कॅफीन पूर्ण तटस्थ. परवा अहवालाचा पहिला परिच्छेद लिहायचा होता. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, जुन्या टूथब्रशने घासला आणि दोन बटणांच्या फटीत अडकलेला एक केस चिमट्याने असा अलगद काढला, की एखाद्या सर्जनने मान डोलवावी. पुढे 'अंतिम', 'नवीन अंतिम' आणि 'खरंच अंतिम' या तीन फायलींना सुसूत्र नावं दिली. तिन्ही रिकाम्या होत्या.

1819 मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. बिया त्याला दिल्या होत्या महाकवी गटेने. कवीने बिया देऊन टाकल्या आणि स्वतः लिहीत बसला. माझ्या घरी नेमकं उलटं चालतं.

निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते. कपभर फिल्टर कॉफीत ते साधारण 90 मिलिग्रॅम असतं. माझ्या कपाला घरात 'बादली' म्हणतात, ही बाब संस्थेच्या कानावर गेलेली नाही.

शिवाय निम्मं कॅफीन अंगातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेली कॉफी रात्री अकराला निम्मी शिल्लक! मग मी छताकडे बघत, कोणीही न विचारलेल्या प्रश्नांची बिनतोड उत्तरं देत पडतो. सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून पुन्हा कॉफी. रोज पिणाऱ्याच्या सकाळच्या तरतरीतला बराचसा भाग म्हणजे रात्रभर कॅफीन न मिळाल्याची नुसती भरपाई असते, असंही वाचलं. ते वाचताना कप हातातच होता.

सोडूनही पाहिली. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं, की अहवाल कशावर आहे तेही आठवेना. शेवटी बायकोने डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, आणली. त्या कॉफीतही काही मिलिग्रॅम कॅफीन उरतंच, हे मी तिला साग्रसंगीत समजावून सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, "आणि तुझ्या अहवालात किती मिलिग्रॅम उतरलंय?"