शॉटगन अडकते म्हणून नळीला ड्रिल लावण्याआधी रबराची रिंग बघा

परवा रात्री ताईचा मिनेसोटाहून फोन. म्हणे, तुझे भावोजी गॅरेजमध्ये ड्रिलची बिटं काढून बसलेत, तू जरा बोल त्यांच्याशी. भाचा सोळा वर्षांचा, शाळेच्या ट्रॅप टीममध्ये आहे (तिकडे शाळाशाळांत मातीच्या उडत्या थाळ्या फोडायच्या टीम असतात, आपल्याकडे कबड्डीच्या असतात तशा), आणि भावोजींनी सेकंडहँड घेतलेली रेमिंग्टन 1100 शॉटगन दर तिसऱ्या-चौथ्या शेलला (म्हणजे काडतुसाला) अडकायला लागली. तेवढ्यात कुणीतरी तो फिरणारा मेसेज टाकला, "गनस्मिथला पैसे देऊ नका, कुठलीही सेमी-ऑटो शॉटगन घरच्या घरी अर्ध्या तासात मख्खन चालवा" (सेमी-ऑटो म्हणजे एक शेल उडालं की पुढचं आपोआप भरणारी). मला तो तोपर्यंत तीन ग्रुपवरून आला होता, एकदा तर चक्क मराठीत भाषांतर करून. मी बारा-तेरा वर्षं इथे क्ले शूटिंग करतोय, स्वतःच्या दोन बंदुका खोलतो-जोडतो, गनस्मिथ नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक एकही खोललेली नाही.

पहिलाच मुद्दा घ्या. "कुठलीही सेमी-ऑटो असो, नळीतली गॅसची भोकं ड्रिलने मोठी करा." अरे बाबा, कुठलीही म्हणजे? ब्राउनिंगची ऑटो-5, जी बेल्जियममध्ये एफएन कंपनीने 1902 पासून बनवली, तिला गॅसचं भोकच नाही. तिची अख्खी नळीच बोल्टबरोबर (शेलच्या मागचा सरकता अडसर) मागे सरकते. बेनेलीच्या इनर्शियावाल्यांनाही नाही, तिथे बोल्टमध्ये एक जाड स्प्रिंग असते आणि बंदुकीच्या धक्क्यावर सगळं चालतं. म्हणजे मेसेज वाचून बेनेलीवाल्याने ड्रिल घेतलं तर तो भोक मोठं करणार नाहीये, धडधाकट नळीला नवीन भोक पाडणार आहे! ऑटो-5 अडकत असेल तर बहुतेक वेळा मॅगझिनच्या (नळीखाली शेल ठेवायची जागा) नळीवरच्या, घर्षणाने धक्का रोखणाऱ्या फ्रिक्शन रिंगा उलट्यासुलट्या बसवलेल्या असतात, हलक्या शेलला एक मांडणी, भारी शेलला दुसरी. आणि बेनेली अडकत असेल तर तिला लावलेली टॉर्च आणि शेल-होल्डर काढून बघा, वजन वाढलं की बंदूक मागे कमी सरकते आणि इनर्शियावाली तिथेच रुसते.

आता 1100 मात्र गॅसवालीच, 1963 पासूनची. शेल उडालं की नळीतला थोडा गॅस भोकांतून खाली येतो, पिस्टन मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला नेतो, रिकामं खोकं बाहेर फेकलं जातं, आणि दस्त्यात लपलेली लांब स्प्रिंग बोल्ट परत पुढे आणते. इथे मला नाइलाजाने एक कबूल करावं लागतंय. भोक लहान असलं तर हलकी शेल चालत नाहीत हे खरं आहे. 1100 च्या मॅग्नम (तीन इंची भारी शेलच्या) नळीला गॅस कमी घेतील अशीच भोकं ठेवलेली असतात, तिच्यात पोरांची 28 ग्रॅमची हलकी शेल घातली तर ती अडखळणारच, आणि काही गनस्मिथ ती भोकं मोजूनमापून वाढवतातही. पण त्यावर पहिला उपाय म्हणजे नळीवर काय कोरलंय ते वाचायचं आणि साधी पावणेतीन इंची शेलची नळी बसवायची, 1100 ची नळी हाताने निघते. ड्रिलने काढलेलं लोखंड परत भरता येत नाही. गॅस जास्त झाला की बोल्ट मागे जाऊन हातोड्यासारखा आपटतो, आतले भाग तुटतात, आणि मजा म्हणजे पुढचं शेल वर यायच्या आत बोल्ट पुढे येतो आणि बंदूक पुन्हा अडकते ती अडकतेच. "तीन इंची शेलला दाब दुप्पट असतो म्हणून भोकं तशी ठेवतात" हेही मेसेजमध्ये ठोकून दिलंय. सामी ही तिकडची दारूगोळ्याची मानकं ठरवणारी संस्था, तिने 12 गेजच्या (म्हणजे बारा बोअरच्या) पावणेतीन आणि तीन इंची दोन्ही शेलला कमाल दाब एकच ठरवलाय, 11,500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). फरक पडतो तो छर्‍यांच्या वजनाने आणि भोकापाशी पोचेपर्यंत किती दाब उरतो त्याने.

स्प्रिंगच्या दोन वेटोळ्या कापा म्हणे. कापा, मग बोल्ट मागे छान जाईल आणि पुढे येऊन पूर्ण बंदच होणार नाही. दस्त्यातली स्प्रिंग बहुधा कमजोर किंवा जास्त ताठ नसते, ती घाण असते, पाऊस-दव-जुनं तेल मिळून तिच्या नळीत काळा चिकटा झालेला असतो, बदकांची शिकार करणाऱ्यांच्या बंदुकीत तर गंजही. काढून पुसायची एवढंच. आणि पुसल्यावर डब्ल्यूडी-40 च्या स्प्रेने "अंघोळ" घालू नका, ते 1953 मध्ये सॅन डिएगोत पाणी हटवायला बनवलं, नावातच ते आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून 40. बंदुकीत ते वंगण म्हणून तसंच सोडलं तर उडून जातं आणि मागे राळ ठेवतं, आणि मिनेसोटाच्या एप्रिलच्या थंडीत ती राळ काय करते ते विचारू नका.

"आतलं सगळं आरशासारखं घासा, चापाचा सेटसुद्धा." चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे शेल बसतं) साफ आणि गुळगुळीत असावं हे मान्य, स्वस्त स्टीलच्या बुडाची शेल खरखरीत चेंबरमध्ये चिकटतात हे मी स्वतः बघितलंय, ब्रश आणि सॉल्व्हंटने भागतं. पण चापाच्या सेटमध्ये घोडा अडवून धरणारा जो भाग असतो, सिअर, त्याचा टेकायचा काठ नखाच्या कडेएवढा असतो, त्याचा कोन ठरलेला, वरची कातडी कडक केलेली. तो ड्रेमेलने (हातातलं छोटं घासायचं मशीन) घासला की शेल टाकून बटण दाबून बोल्ट सोडल्यासोबत बंदूक उडू शकते, चापाला बोट न लावता. ट्रॅपला पाच जण रांगेत उभे असतात. त्यातलं एक पोर आपलं आहे असं समजून हा मुद्दा परत वाचा. आणि खोकं बाहेर टाकून पुढचं शेल भरण्याशी सिअरचा संबंध काय? काही नाही!

पण माझं डोकं खरं फिरलं ते शेवटच्या ओळीने. "काम झाल्यावर गॅरेजमध्येच चार-पाच खरी शेल भरून हाताने बोल्ट ओढून चाचणी घ्या."

आत्ता भोकं पाडली, स्प्रिंग कापली, सिअर घासला, आणि आता घरात, त्याच बंदुकीत, खरी शेल? आठ नंबरच्या छर्‍याची 28 ग्रॅमची शेल असते तिच्यात साधारण 410 छरे असतात. दहा फुटांवर ते पसरतबिसरत नाहीत, मुठीएवढ्या गोळ्यासारखे एकत्र जातात. ताईच्या गॅरेजची आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा, मग पोकळी, मग परत तसाच पत्रा, आणि पलीकडे तिचा ओटा, जिथे ती त्या वेळी फोनवर माझ्याशी बोलत पोळ्या लाटत होती. डमी शेल मिळतात, स्नॅप कॅप म्हणतात, दारू नाही, छरे नाहीत, थोडक्या पैशांत येतात, आणि तीसुद्धा वापरायची ती खरी शेल दुसऱ्या खोलीत ठेवून. आमच्या आजोबांची बारा बोअरची दोन नळी होती, रानडुकरांसाठी लायसनची, ते ती पुसायला घेताना आधी काडतुसांचा डबा आजीकडे द्यायचे, मग मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचे. त्यांना कुणी मेसेज पाठवला नव्हता.

असो. भावोजींना म्हटलं, ड्रिल ठेवा, व्हिडिओ कॉल लावा. आधी चेंबर रिकामं, मॅगझिन रिकामं, मला कॅमेऱ्यात दाखवा, बोट घालून दाखवा. मग पुढची टोपी फिरवून काढली, लाकूड काढलं, नळी काढली. म्हटलं, मॅगझिनच्या नळीवर पिस्टनच्या पुढे काळी रबरी रिंग दिसते का. "नाही रे, इथे काहीच नाही." मग भाच्याने लाकूड उलटं करून टेबलावर झटकलं आणि आतून दोन तुकडे पडले, काजळी लागलेले, वाळलेल्या मिरचीच्या देठासारखे कडक. ही रिंग म्हणजे गॅस गळू नये म्हणून असलेलं सील, 1100 च्या मॅन्युअलमध्ये पार्टच्या चित्रात ती स्पष्ट दाखवलीये, ती नसेल तर अर्धा गॅस बाजूने पळतो आणि पिस्टनला ढकलायला जोरच राहत नाही. मेसेजमध्ये तिच्याबद्दल काय लिहिलंय? "रबराची रिंग निव्वळ आवाज कमी करायला असते, काढून टाकली तरी चालते." मला वाटतं आधीच्या मालकालाही हाच मेसेज गेला असणार.

रिंग काही डॉलरला मिळते, भाच्याने चार मागवल्या. शनिवारी रेंजवर पंचवीसच्या दोन राउंड मारल्या, त्याच हलक्या शेलने, दर वेळी खोकं बाहेर आणि बोल्ट मागे उघडा. त्याचा स्कोअर मात्र एकोणीस आणि सतराच आला, त्याबद्दल भावोजी आता दुसरा मेसेज शोधतायत.