ओव्हरफ्लोच्या नळीत स्क्रू घालायला सांगणाऱ्यांना

चवथीला चाकरमानी गावी येतात, मिरगापासून मांगरात झाकून ठेवलेली जुनी मोटारसायकल बाहेर काढतात, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडतात आणि खाली पेट्रोल ठिबकायला लागतं. दरवर्षीचंच आहे हे. यंदा त्यावर 'मेकॅनिकला पैसे घालवू नका' असा एक मेसेज फिरतोय. त्यातले उपाय असे: मेणबत्ती फिरवून गळती शोधा, ओव्हरफ्लोच्या नळीत स्क्रू घालून ती बंद करा, कार्ब्युरेटरवर पान्याने ठोका, इथेनॉलचं पेट्रोल आहे, थोडं गळणारच, लक्ष देऊ नका, आणि पुढच्या पावसाळ्यात टाकी फुल्ल करून कॉक चालूच ठेवा. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण आमच्या काकांनी स्क्रूचा उपाय करून फोटो पाठवला, वर लिहिलं, "गळूचा थांबला मा!"

काका, थांबलं नाही. आता ते इंजिनात जातंय.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनाला देणारा भाग. त्याच्या तळाला जो बाउल असतो, त्यात एक फ्लोट तरंगतो. बाउल भरला की फ्लोट वर येतो आणि नीडल, म्हणजे टोकदार सुई, सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकावर, दाबून पेट्रोल बंद करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल करतो तेच काम. गाडी तीन-चार महिने उभी राहिली की बाउलमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. नीडल तिथे अडकते. नाहीतर टाकीतल्या गंजाचा कण सीटवर येऊन बसतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजायला वेळ लागत नाही. पेट्रोल मग थांबतच नाही. ते बाहेर पडावं म्हणूनच बनवणाऱ्याने बाउलमध्ये ती ओव्हरफ्लोची नळी ठेवली आहे. तीच तुम्ही बंद केलीत, तर पातळी चढत जाते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरच्या घशात उतरतं. स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या गाडीत कार्ब्युरेटर वर आणि सिलिंडर खाली, म्हणजे उताराची वाट तयारच. इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये, तिथून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. या गाड्यांत ऑइल असतं जेमतेम एक लिटर. टाकीतलं पेट्रोल रात्रभर त्यात उतरत राहिलं की ऑइलचं पाणी होतं, आणि त्यावर इंजिन चालवलं की बेअरिंग आणि कॅमशाफ्ट खाल्ले जातात. सिलिंडरच भरला असेल तर किक अडते. तिथे जोर लावला किंवा सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

स्क्रू घालून झाला असेल तर कॉक ऑफ करा, स्क्रू काढा, डिपस्टिक बाहेर काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसलं, तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारायची नाही. स्पार्क प्लग काढून सिलिंडरही कोरडा करायचा.

मेणबत्तीबद्दल काय लिहायचं? पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटते. पडवीत गाडी आणि पलीकडे न्हाणीची चूल पेटलेली, हे आपल्या किती घरांत आहे! मेणबत्ती राहू द्या, आधी ती चूल विझवा आणि गाडी ढकलत खळ्यात न्या.

शोधायचंच तर असं शोधा. कॉक ऑफ करून सगळं पुसून कोरडं करा, खाली जुना पेपर पसरा, कॉक उघडा आणि पहिला ओला थेंब कुठे येतो ते बघा. ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला आला तर दोष नीडलचा किंवा फ्लोटचा. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय. बाउलच्या सांध्याला ओल आली तर सील कडक झालंय किंवा तळाचा ड्रेन स्क्रू सैल आहे. टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या टोकाला आली तर पाइप चिरलाय, नाहीतर उंदराने कुरतडलाय. कॉक ऑफ असताना पाइप काढला आणि तरी कॉकमधून ठिबकलं, तर कॉकच गेला.

ठोकण्यात तथ्य आहे, नाही म्हणवत नाही. अडकलेली नीडल हलक्या टिचकीने सुटते, मेकॅनिकही करतात. पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, बाउलच्या बाजूला. पान्याने नव्हे. आणि आत गंज असेल तर चार दिवसांनी पुन्हा तेच. बाउल उघडून साफ करण्याला पर्याय नाही.

इथेनॉलचंही अर्धंच खरं. देशात 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये आलं. त्याआधीच्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि ओ-रिंग त्याने फुगू शकतात, खराब होऊ शकतात. ते बदलायचे असतात. 'गळणारच' म्हणून गाडी घरात ठेवायची नसते.

राहिला पुढच्या पावसाळ्याचा सल्ला. टाकी भरलेली असेल तर आतून गंज कमी धरतो, एवढं ठीक. पण कॉक चालू? अहो, मग नीडलवर चार महिने पेट्रोलचा भार. होंडाच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांबरोबर मिळणारं छोटं पुस्तक काढा, बहुतेकांकडे आरसीच्या पिशवीत पडलेलं असतं. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, असं त्यात छापलंय. मिरगाआधी कॉक ऑफ करायचा, बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करायचा, नळीखाली बाटली धरायची, शेवटचा थेंब आला की स्क्रू पुन्हा आवळायचा.