"किती बारीक झालीस!" असं म्हणण्याआधी

काल एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. महिनाभर हॉस्पिटलमध्ये काढून ती नुकतीच घरी आलीय. मी बसलेली असतानाच आणखी तिघीजणी येऊन गेल्या आणि तिघींच्याही तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं, "अगं, किती छान बारीक झालीस!" ती कसनुसं हसत होती. मला राहवेना, म्हणून हे लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला आणि त्यातून सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागतात ती अवस्था. 19 दिवस आयसीयूत होते, त्यातले 11 व्हेंटिलेटरवर. दाखल झाले तेव्हा वजन 91 किलो होतं, घरी आले तेव्हा 80. ज्याला त्याला त्या 11 किलोंचं कौतुक. मला मात्र केस विंचरता येत नव्हते. कंगवा डोक्यापर्यंत नेला की हात अर्ध्यातच खाली यायचा. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागायचा. टॉयलेटमधून उठायला नवऱ्याला हाक मारावी लागायची, आणि ती हाक मारताना रोज डोळ्यांत पाणी यायचं.

ते 11 किलो म्हणजे नुसती चरबी नव्हती. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून त्यातली प्रथिनं वापरतं. आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या 10 दिवसांत सरासरी जवळजवळ 18 टक्क्यांनी घटतो, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात दिसलं. फक्त 10 दिवसांत! आणि जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात शोषून घेतात ते हेच स्नायू. माझा डायबेटिस त्यानंतर जास्तच बिघडला. एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 8.4 टक्क्यांवर गेली.

पुढे पाच महिन्यांत वजन पुन्हा 88. मांड्या काटकुळ्याच राहिल्या, आलं ते सगळं पोटावर. मी स्वतःला खूप दोष दिला. खूप नंतर वाचनात आलं की 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. पोटभर खायला मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावरही आधी चरबी परतली, तीही पूर्वीपेक्षा जास्त, आणि स्नायू मागे राहिले. ते वाचून मी रडले. दोष माझ्या मनोबलाचा नव्हता.

पण ते कळायच्या आधी मी दोन महिने उपाशी राहण्याचा प्रयोग करून बसले होते. सहा किलो उतरले, मुठीमुठीने केस गेले, चक्कर येऊन पडले. कृपा करून आजारातून उठलेल्या कुणी हे करू नका.

मला खरी वाट दाखवली ती एका फिजिओथेरपिस्टने. तिने वजनाचं नावही काढलं नाही. भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि म्हणाली, "30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतंय ते बघू." चार वेळा. पाचव्या वेळी गुडघे लटपटले. तिने वहीत तारीख घालून 4 लिहिलं. तो आकडा मला काट्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लागला.

मग तेच धरून बसले. खुर्चीवरून उठबस, रबरी पट्टा, पाण्याच्या बाटल्या उचलणं. चालायची सुरुवात सहा मिनिटांनी केली, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत गेले. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकाच वेग. आठवड्याला किमान 150 मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला गाठायला मला पाच महिने लागले. खाण्यात उपासमार नाही. किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी प्रथिनं ठरवून दिली, ती तिन्ही जेवणांत वाटून घेतली, साखरेची पेयं बंद केली, रात्रीचं जेवण लवकर. झोप सात तास, त्यात तडजोड नाही. व्यायाम वाढला तशी साखर खाली यायला लागली, तेव्हा गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्या. स्वतःच्या मनाने औषध सोडू नका, आणि न विचारता जुनाच डोस घेतही राहू नका. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं.

14 महिन्यांनी वजन 74, एचबीए1सी 6.1, आणि खुर्चीवरून 30 सेकंदांत 15 वेळा. 91 वरून 80 वर मला आजाराने आणलं होतं. हे 74 मी कमावलंय.

माझी एकच तक्रार आहे. हॉस्पिटलमधून निघताना हातात औषधांची तीन पानं मिळाली. गेलेली ताकद परत कशी मिळवायची, यावर त्यात एक ओळही नव्हती. जीव वाचवणाऱ्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण अँटिबायोटिक जितकं काळजीने लिहून देतात तितक्याच काळजीने फिजिओथेरपी आणि आहार लिहून द्यायलाच हवा. ही ऐच्छिक गोष्ट नाही. आणि आपण भेटायला जाणाऱ्यांनी "बारीक झालीस"ऐवजी "आज किती चाललीस?" एवढं विचारावं.

काल त्या तिघी गेल्यावर मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि मैत्रिणीच्या शेजारी उभी राहिले. हात छातीवर घेऊन ती तीन वेळा उठली. तिच्या वहीत तारीख घालून 3 लिहिलंय. रविवारी पुन्हा जाणार आहे मोजायला.