"त्यांना समजतच नाही, मग थेरपी कशाला?" हे चुकीचं का आहे

एक मेसेज खूप फिरतोय: बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांना काउन्सेलिंगचा उपयोग नाही, त्यांची भीती हा अक्षमतेचाच भाग, स्वतःचे विचार त्यांना कळत नाहीत, विचारलं तर सगळ्याला हो म्हणतात, त्यापेक्षा गोळ्या द्या. माझ्या दादाला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे आणि अँग्झायटीपण, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

"भीती अक्षमतेचाच भाग." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. 1982 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी तज्ज्ञांना भीतीने ग्रासलेल्या माणसाची केस वाचायला दिली, तर अक्षमता आहे म्हटल्यावर तीच भीती त्यांना कमी गंभीर वाटली. याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. आमच्या घरीपण हेच झालं, दादा लिफ्टसमोर कान दाबून खाली बसायचा आणि आम्ही कित्येक वर्षं म्हणत राहिलो की हट्टी आहे, त्याला काय वाटतंय ते कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

"विचार कळत नाहीत." काय घडलं, मनात काय आलं आणि कसं वाटलं, हे तीन वेगळं काढणं काहींना जड जातं, मान्य. पण चित्रं वापरून, एका वेळी एकच गोष्ट घेऊन, छोटी सेशन्स जास्त वेळा ठेवून ते बऱ्याच जणांना शिकवता येतं. आणि नाहीच जमलं तर विचारांचा भाग बाजूला ठेवून रिलॅक्सेशन आणि भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं यावर भर देता येतो, ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस संस्थेच्या 2016 च्या गाइडलाइनमध्ये हे दोन्ही आहे. अजिबात न बोलणाऱ्यांसाठी बोलण्याची थेरपी पुरत नाही हे खरं, पण मेसेज तर सगळ्यांनाच एका माळेत ओवतो.

गोळ्यांबद्दल एवढंच, गरज असेल तर डॉक्टर देतीलच, पण लिफ्टमध्ये पाय कसा टाकायचा ते गोळी शिकवत नाही.

"सगळ्याला हो म्हणतात." म्हणतात, कारण आपण प्रश्नच तसे विचारतो! "भीती गेली ना?" हो. "अजून वाटते ना?" तरी हो. एक ते दहामध्ये भीती किती विचारलं की दादाचं उत्तर कायम दहा. मग थेरपिस्टनी तीन ग्लासांचं चित्र काढलं, रिकामा, अर्धा, भरलेला, आणि न बोलता कागद पुढे सरकवला. दादाने बराच वेळ बघितलं आणि भरलेल्यावर बोट ठेवलं.

तो कागद आता माझ्या पर्समध्ये असतो, कारण सेशनमधलं घरी करून घ्यायला कोणीतरी सोबत लागतं. आधी नुसतं लिफ्टबाहेर उभं राहायचं, मग दार उघडं ठेवून आत, मग एक मजला. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर उतरलो तेव्हा त्याने स्वतःच कागद मागितला आणि अर्ध्या ग्लासावर बोट ठेवलं.