बिल आज, पैसे कधीतरी

आमचा कट्टा म्हणजे शनिवार पेठेतल्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या पायऱ्या. रात्री नऊनंतर तिथं कुणी हटकत नाही आणि समोर चहा मिळतो. परवा पक्यानं मला विचारलं, "तोंड का पाडून बसलायस?" मी म्हटलं, "उद्या वीस तारीख."

शेखरला लगेच कळलं, कारण तो सीए. बाकीच्यांसाठी हिशोब मांडावा लागला. एका कंपनीच्या माहितीपत्रकाचं डिझाइन केलं. बिल दीड लाखाचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७,००० रुपये. बिलावर तारीख गेल्या महिन्याची, त्यामुळे कर उद्यापर्यंत भरायचा. आणि कंपनीकडून आजवर आलाय फक्त एक मेसेज, 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे'.

"मग पैसे आल्यावर बिल फाड की! तोवर परफॉर्मा, म्हणजे नुसतं तात्पुरतं बिल, पाठवायचं," पक्या म्हणाला.

पाठवला होता रे. अकाउंट्सवाल्या बाई म्हणाल्या, टॅक्स इन्व्हॉइस असल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. वरून शेखर म्हणतो, काम झाल्यापासून ३० दिवसांत बिल द्यायलाच हवं, कायदाच आहे. म्हणजे दोन्हीकडून मीच. आणि खरी गंमत पुढेच आहे. मी ११ तारखेला रिटर्नमध्ये ते बिल चढवलं, ते कंपनीच्या २बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या यादीत दिसलं, आणि त्या २७,०००चं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, घ्यायला ते मोकळे. मला एक रुपया न देता! १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, एवढीच काय ती अडकाठी. म्हणजे सहा महिने माझ्या पैशांवर ते कर वाचवणार, आणि मी एक दिवस चुकलो तर वर्षाला १८ टक्क्यांच्या दरानं व्याज.

"ही साखळी आहे," शेखर त्याच्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला. "तू भरतोस म्हणून पुढच्याला मिळतं. एक कडी पैसे आल्यावर भरणारी आणि दुसरी बिल आल्यावर वजावट घेणारी, असं केलंस तर सरकारच्या तिजोरीला भोक पडेल."

"सेवाकराच्या काळात काय होतं?" मी विचारलं.

शेखर जरा थांबला. मग माणूस प्रामाणिक असल्यामुळे म्हणाला, "तेव्हा वैयक्तिक धंदा आणि भागीदारीवाल्यांना पन्नास लाखांपर्यंत सवलत होती. पैसे हातात पडल्यावर कर." २०१२ पासून होती ती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती गेली. तिजोरीला तेव्हा भोक पडलं नव्हतं, हे मी त्याला तीनदा ऐकवलं.

"पण तुला रजिस्टर व्हायला सांगितलं कुणी?" शेखर उलट माझ्यावरच आला. "सेवेला वीस लाखांची मर्यादा आहे. तुझी उलाढाल अकरा. अर्जावर कारण काय लिहिलंयस? स्वेच्छेनं!"

स्वेच्छेनं खरं, पण त्या कंपनीच्या ऑनलाइन व्हेंडर फॉर्मवर जीएसटी नंबरच्या रकान्याला लाल चांदणी होती. तो रिकामा ठेवला की 'सबमिट'चं बटण करडंच राहायचं. काम सोडण्यापेक्षा नंबर काढला. आता काम नसलेल्या महिन्यातही शून्याचं रिटर्न भरतो, विसरलो की रोजचे वीस रुपये दंड.

मृणाल इतका वेळ गप्प होती. ती तोक्योत भाषांतरं करायची. म्हणाली, "तिकडे तर लाल चांदणीही नव्हती, नंबर विचारणारं पत्र आलं. इतक्या नम्र जपानीत की मला वाटलं आभारपत्र आहे." एक कोटी येनच्या खाली उलाढाल असली की तिथं उपभोग कर, म्हणजे त्यांचा जीएसटी, भरायला लागत नाही. तरी अशा छोट्यांच्या बिलावरही गिऱ्हाईक वजावट घेऊ शकायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी क्रमांक असलेल्या बिलावरच पूर्ण वजावट. म्हणजे नंबर घ्या, नाहीतर दर कमी करा, असं कुणीही न बोलता ठरलं. व्यंगचित्रकथा काढणारे, कार्टूनला आवाज देणारे, सगळ्यांनी ओरड केली. मग सरकारनं मलमपट्टी केली. बिननंबरच्या बिलावर पहिली तीन वर्षं ८० टक्के वजावट, आणि नंबर घेणाऱ्या छोट्यांना काही वर्षं गोळा केलेल्या कराच्या २० टक्केच भरण्याची मुभा. "मलम तरी लावलं," मी म्हटलं. शेखरनं तिकडे लक्षच दिलं नाही.

पक्याचं दुखणं वेगळं. त्याचं फर्निचरचं वर्कशॉप कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहे, उलाढालीचा एक टक्का खिशातून भरला की सुटला, असं त्याला वाटायचं. त्याच्या बिलावर सगळ्यात वर 'कर आकारण्यास अपात्र' अशा अर्थाची ओळ असते. "कपाळावर गोंदवल्यासारखी," तो म्हणतो. ऑफिसांची कामं अलीकडे मिळेनात. शेखरनं सिगरेटचं पाकीट उसवून मागे मांडून दाखवलं. प्लाय आणि सामान ६०,००० चं, त्यावर कर १०,८००. मजुरी आणि नफा ४०,०००. पक्याला त्या कराचं क्रेडिट नाही, त्यामुळे एक टक्का धरून भाव साधारण १,१२,०००. रेग्युलर जीएसटीवाला सुतार बिल करतो एक लाख अधिक १८,०००. घरगुती गिऱ्हाइकाला पक्या सहा हजारांनी स्वस्त. पण ऑफिसला ते १८,००० क्रेडिटमध्ये परत मिळतात, म्हणून तिथं पक्या बारा हजारांनी महाग.

पक्यानं ते पाकीट दिव्याखाली धरून दोनदा वाचलं. "म्हणजे मी रंधा मारून भाव पाडतोय आणि मार खातोय प्लायवरच्या कराचा?"

"ऑफिसांचीच कामं हवी असतील तर रेग्युलरमध्ये ये."

"रिटर्न भरायचे महिन्याला किती घेशील?"

"तुला म्हणून दीड हजार."

"पण बिल नंबरवालं पाहिजे हां, मला क्रेडिट घ्यायचंय."

शेखरनं चहाचा रिकामा ग्लास पायरीवर ठेवला. "माझ्याकडे कुठला नंबर? वीस लाख होऊ तर देत आधी."