होशिन कान्री, सामुराई आणि एक्सेलची शीट

मॅनेजमेंटवाल्या ग्रुप्समध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. मजकूर साधारण असा, की होशिन कान्री (कंपनीचं वर्षाचं धोरण ठरवून ते सगळ्या विभागांत उतरवायची जपानी पद्धत) ही सामुराईंची शेकडो वर्षं जुनी पद्धत, मालकाने एक मोठं ध्येय ठरवायचं, त्याचे तुकडे करून शेवटच्या कामगारापर्यंत वाटायचे, सगळं एक्स-मॅट्रिक्समध्ये (ध्येय, उपाय आणि आकडे एकाच पानावर मांडणारा तक्ता) भरायचं, अप्रेझलला जोडायचं, की झाली तुमची कंपनी टोयोटा.

सामुराईंचं आधी उरकून टाकू. तलवारीचा फोटो लावला की शेअर जास्त होतात, ठीक आहे, पण ही पद्धत 1960 च्या दशकातल्या कारखान्यांत घडलीय. क्वालिटीचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग 1950 मध्ये जपानला लेक्चर द्यायला गेले, त्याच विषयातले जुरान 1954 मध्ये, आणि उद्दिष्टं ठरवून कारभार करा सांगणारं मॅनेजमेंटवाल्या ड्रकरचं पुस्तकही 1954 चंच. जपानी कंपन्यांनी यातलं हवं ते घेतलं, नको ते सोडलं, आणि डेमिंग प्राइझ (क्वालिटीसाठीचं जपानी पारितोषिक) मिळालेल्या कंपन्या प्लॅनिंग कसं करतात याचा अभ्यास करून ब्रिजस्टोन टायरने 1965 च्या सुमारास ते होशिन कान्री या नावाने मांडलं. थोडक्यात निम्मे गुरू अमेरिकन, सामुराई एकही नाही.

आता खरी गडबड, ते "तुकडे करून वाटायचं". हे तर आपल्याकडे कुठल्याही सेल्स टीममध्ये चालतंच की, त्याला जपानला कशाला जायचं? होशिनमध्ये टार्गेटसोबत ते गाठायचा उपाय पण ठरवावा लागतो, आणि उपाय माहीत असतो खालच्याला, म्हणून मध्ये कॅचबॉल असतो. म्हणजे समजा प्लांट हेड म्हणाला की यंदा ग्राहकांच्या तक्रारी निम्म्यावर आणायच्या, तर पेंट शॉपवाला नुसती मान डोलवत नाही, तो त्याचा डेटा घेऊन येतो की साहेब माझ्याकडच्या तक्रारी बहुतेक एकाच ओव्हनच्या आहेत, तो दुरुस्त होईपर्यंत माझ्याकडून इतकंच होईल, आणि दुरुस्तीला मेंटेनन्सची माणसं लागतील, मग तो चेंडू मेंटेनन्सकडे जातो, तिथून परत वर येतो, आणि बऱ्याचदा वरचा आकडाच बदलतो. या येण्याजाण्यात महिने जातात. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय, कारण हे लिहिलं तर साहेबांना तो मेसेज आवडणार नाही 😄

अप्रेझलला जोडायचं म्हणे! ज्यांच्या नावाने ते प्राइझ आहे त्या डेमिंगच्या 14 मुद्द्यांत वार्षिक मेरिट रेटिंग आणि नुसत्या आकड्यांवर माणसं हाकणं या दोन्हींवर फुली आहे. आणि साधी गोष्ट आहे, माझं इन्क्रिमेंट त्या आकड्यावर अवलंबून असेल तर मी कॅचबॉलमध्ये खरं कशाला बोलेन, मी आकडा कमीच सांगणार आणि रिव्ह्यूमध्ये लाल खूण दिसणार नाही याची काळजी घेणार, मग रिव्ह्यूला अर्थ काय राहिला.

एक्स-मॅट्रिक्सबद्दल फार लिहीत नाही. तो एक फॉरमॅट आहे, पाश्चात्य लीन (टोयोटाच्या पद्धतीवर बेतलेलं मॅनेजमेंट) कन्सल्टंट लोकांनी जास्त गाजवलेला, टोयोटाचं नाव घ्यायचं तर तिथे ए-थ्री कागद (अख्खा प्रश्न आणि उपाय एकाच ए-थ्री पानावर मांडायचा) जास्त ओळखीचा. शीट भरली म्हणजे होशिन झालं असं नसतं.

उरला "टोयोटा झालीच" हा दावा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा पॉवर अँड लाइटने जपानच्या कान्साई इलेक्ट्रिककडून शिकून पॉलिसी डिप्लॉयमेंट (होशिनचंच इंग्रजी नाव) अगदी मनापासून राबवलं, 1989 मध्ये डेमिंग प्राइझ मिळवलं, जपानबाहेरची पहिली कंपनी, आणि लगेचच नवीन सीईओने तिथला क्वालिटीचा बराचसा डोलारा उतरवला, कारण लोक कागदपत्रांनी वैतागले होते. उलट आपल्याकडे महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला 2003 मध्ये हेच प्राइझ मिळालं, ट्रॅक्टरवाल्यांत जगात पहिलं, आणि 2007 मध्ये त्याच्या वरचं जपान क्वालिटी मेडलही मिळालं, म्हणजे हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. पण अशा प्राइझच्या वाटेवर चालणाऱ्या कुठल्याही कंपनीत विचारा, होशिनच्या जोडीला डेली मॅनेजमेंट असतंच. रोजचं काम रोज स्टँडर्डप्रमाणे होतंय ना ते आधी, आणि होशिनमध्ये वर्षाला दोन-चारच मोठे विषय. पंचवीस विषय घेतले की ती नुसती कामांची यादी होते.

आणि हो, मेसेजच्या शेवटी "सात दिवसांत लागू करा" असं पण आहे. खरंच सुरू करायचं तर मागच्या वर्षी काय फसलं आणि का फसलं हे आधी काढावं लागेल, मग कॅचबॉल, मग दर महिन्याचे रिव्ह्यू, मग स्वतः मोठ्या साहेबांनी जागेवर येऊन बघणं. सात दिवसांत फार तर मीटिंगची तारीख ठरेल.