एकवीस दिवसांत नवा माणूस? दारू सोडण्याच्या ‘त्या’ मेसेजबद्दल

गटारी जवळ आली की, नाहीतर एक जानेवारीच्या सकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगाडा तोच: ‘आजच दारू फेकून द्या. २४ तासांत रक्त शुद्ध. तिसऱ्या रात्री बाळासारखी झोप. आठवड्यात पाच किलो वजन कमी. महिन्याला हजारो रुपये खिशात. २१ दिवसांत लिव्हर नवं आणि सवय कायमची सुटलेली.’ खाली बहुतेकदा जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरीची जाहिरात.

दारू सोडल्याचे फायदे खरे आहेत. तरी हा मेसेज नुकसान करतो, कारण त्यातलं वेळापत्रक खोटं आहे. नवव्या दिवशी झोप नाही, चिडचिड तशीच, वजनकाटा जागचा हललेला नाही. अशा माणसाला वाटतं की आपल्याला काही गुण आला नाही, मग कशाला हा उपास? आणि पाय ओळखीच्या दुकानाकडे वळतात. पहिल्या दाव्यात तर थेट जिवाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जास्त जागा.

‘आजच एकदम सोडा, २४ तासांत रक्त शुद्ध’

रक्तातली दारू एका दिवसात जाते, इथपर्यंत ठीक. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ते ६० ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली एक क्वार्टर उतरायला पहाटेचे चार ते सकाळचे साडेसहा वाजतात. दोन घेतल्या असतील तर सकाळी आठला अंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून निघालेला माणूसही गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम या कायद्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो.

रोज पिणाऱ्याला मात्र खरा धोका दारू रक्तातून उतरू लागल्यावर सुरू होतो. दारू मेंदूला रोज गुंगवते, म्हणून मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्तच चेतवून ठेवतो. दारू अचानक बंद झाली तरी हे चेतवणं लगेच बंद होत नाही. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून पुढे हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: चादरीवरचे नसलेले किडे वेचणं, आज वार कुठला ते न सांगता येणं, ताप, कोणीतरी मारायला आलंय अशी भीती. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. घरचे ‘बाहेरची बाधा’ म्हणतात आणि दवाखान्याचा वेळ अंगारा लावण्यात जातो. उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. आणि मेसेजमधली ती बाळाची झोप नेमकी याच तिसऱ्या रात्रीची!

सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोट लागतो, पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता, वय साठीच्या पुढे आहे, हृदयाचं, लिव्हरचं किंवा फिटचं दुखणं आहे: यांतलं एकही लागू असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नये. आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांना भेटावं. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांसारखी औषधं ठरलेल्या मात्रेत सुरू करून साधारण आठवडाभरात उतरवत आणतात. ओळखीच्या मेडिकलमधून ती स्वतः आणू नका. वरून दारू गेली तर श्वास मंदावतो.

घरात आणखी एक चूक प्रेमापोटी होते. गळून गेलाय म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजायचं, नाहीतर गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायची. जुन्या पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधीच संपत आलेलं असतं. साखर पचवायला तेच लागतं. नुसतं ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि डोळे तिरळे होणं, तोल जाणं, स्मृती कायमची जाणं अशी इजा होऊ शकते. थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं, आणि सुरुवातीला ते इंजेक्शनने देतात, कारण अशा आतड्यांतून गोळी नीट शोषली जात नाही. फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. लगेच १०८ ला फोन.

‘तिसऱ्या रात्री बाळासारखी झोप’

दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबते आणि उत्तरार्धात झोप तुटत राहते. सोडल्यावर ही दबलेली स्वप्नं वसुलीला येतात. पहिले काही आठवडे झोप उथळ, स्वप्नं ठळक. त्यातलं एक पुष्कळांना पडतं: आपण प्यायलो. दचकून उठलेला माणूस अंधारात तळहातावर फुंकर मारून स्वतःच्याच तोंडाचा वास घेतो. हे घसरल्याचं लक्षण नाही. मेंदू पूर्वपदावर येताना असंच होतं.

झोप बसायला कित्येकांना महिना-दोन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. रात्री कधीही डोळा लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची, दुपारची झोप बंद. चहावर लक्ष हवं: दारूच्या जागी दिवसाला दहा कप चहा कधी सुरू झाला ते कळतही नाही. चारनंतर चहा नको. झोपेची गोळी स्वतःहून तर नकोच; एक सोडून दुसरं धरायचा तो सरळ रस्ता आहे.

‘आठवड्यात पाच किलो’

नाही. एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात. रोजची एक बंद केली आणि खाणं तेवढंच ठेवलं तरी आठवड्याला तीन हजार, म्हणजे चरबी अर्धा किलोच्याही आत. प्रत्यक्षात खाणं तेवढंच राहत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी मेलेली भूक परत येते आणि गोडाची ओढ लागते. गूळ-शेंगदाणे, एखादी जिलबी यांनी संध्याकाळ निघत असेल तर निघू द्या. वजनाचं नंतर बघता येतं. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना दारू सोडल्याचं सांगा. साखरेचं गणित बदलतं, मात्रा पुन्हा बघावी लागते.

‘हजारो रुपये खिशात’

हा दावा हिशोबाने खरा, अनुभवाने खोटा. महाराष्ट्रात २०२५ च्या दरवाढीत भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये ठरली. रोज एक म्हटलं तरी महिन्याला ६,१५० झाले, चखणा, सिगारेट आणि परतीची रिक्षा वेगळी. पण पहिले दोन-तीन महिने हे पैसे दिसतच नाहीत. बारवाल्याची उधारी, मित्रांची उसनवारी, थकलेला हप्ता यांतच जिरतात. आणि दिसले तर आणखी वाईट: पगाराच्या दिवशी खिशातली रोकड हेच अनेकांचं घसरण्याचं निमित्त असतं. पगार थेट घरच्यांच्या खात्यात वळता करा, आणि दुकानासमोरून जायची जी वेळ असते त्याच वेळी रोज २०५ रुपये डब्यात टाका. महिनाअखेरीला डबा मोजताना जे वाटतं ते पासबुकातल्या आकड्याने वाटत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला जे फायदे सुचलेच नाहीत, ते असेच बारके आहेत आणि बरेच लवकर येतात. थरथर ओसरली की साधारण आठवड्यात सकाळी दात घासताना कोरड्या ओकाऱ्या येत नाहीत. चहा बशीत सांडत नाही. बँकेतली सही जुन्या सहीशी जुळते. बायकोशी बोलताना तोंड बाजूला वळवावं लागत नाही. रात्री कोणाला फोन केला होता ते बघायला सकाळी धडधडत्या छातीने मोबाइल उघडावा लागत नाही. नाक्यावर पोलिसाने हात केला तर गाडी आरामात कडेला घेता येते. हे मोजायचे फायदे. वहीत रोज एक लिहा. नवव्या दिवशी ती वही मेसेजपेक्षा जास्त कामाला येते.

घरच्यांचा विश्वास मात्र या यादीत नाही. ते अजून खिसे तपासतात, दार उघडताना वास घेतात. त्यांना दोष नाही. तो हप्ता सगळ्यात लांबचा आहे.

‘२१ दिवसांत लिव्हर नवं’

लिव्हरवर नुसती चरबी साठली असेल तर पूर्ण बंदीनंतर काही आठवड्यांत ती बरीच उतरते. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, झाला असेल तर व्रण जात नाहीत; पुढची पडझड रोखता येते, आणि तेही थोडं नाही. रक्ततपासणीतलं जीजीटी (दारूने वाढणारं लिव्हरचं एन्झाइम) निम्म्यावर यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, एमसीव्हीला (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) तीन-चार महिने, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. दुसऱ्या आठवड्यातला रिपोर्ट बघून ना खचायचं, ना पेढे वाटायचे. फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, हीही पिणं थांबवल्याबरोबर करू नये. लिव्हरला सूज असताना आकडा उगाच फुगतो. उलट एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आली म्हणून सिरॉसिस नाही असंही नसतं; प्लेटलेट कमी असतील तर सोनोग्राफी करून घ्या. ‘लिव्हर डिटॉक्स’चे काढे नकोत: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण आधीच दुखावलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला?

‘२१ दिवसांत सवय सुटते’

हा आकडा १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून निघाला, व्यसनाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे लंडनच्या संशोधकांनी साध्या सवयी मोजल्या, रोज फळ खाणं वगैरे, तर सरासरी ६६ दिवस भरले आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. व्यसन तर सवयीहून चिवट. तलफ मात्र सलग नसते. ती चढते, बहुधा अर्ध्या तासात ओसरते. संध्याकाळी सात ते दहा हीच अडचणीची वेळ, आणि उपाशी पोटी जास्त. सातलाच जेवून घ्या. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायच्या गटांच्या, सभा बऱ्याच ठिकाणी याच सुमाराला असतात. सभा जवळ नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही.

आणि ती पावडर

अशा पुड्यांत डायसल्फिराम सापडू शकतं. दारू सोडवायचं हे औषध खरं आहे, पण रुग्णाला सांगून, तपासण्या करून द्यायचं. नकळत दिलं आणि तो प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या मात्रेनंतर १४ दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. त्यासाठी क्वार्टरच लागते असंही नाही: आसव-अरिष्टं, खोकल्याची काही सिरप, काही माउथवॉश यांतही अल्कोहोल असतं. कोणी आधीच पुडी दिली असेल तर लपवू नका. उरलेली पुडी आणि वेष्टन घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, आणि ज्याला दिली त्यालाही सांगा.